जुन्या ट्रॅक्टरचा गिअर पडत नाही? गिअरबॉक्स खोलण्याआधी एवढं तपासा

सावली : पाऊस लागला, पऱ्हे रोवणीला आले, नहराला पाणी सुटले आणि नेमक्या त्याच आठवड्यात ट्रॅक्टरचा गिअर अडतो. सावली, मूल, सिंदेवाही आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली भागातल्या धानपट्ट्यात हे दर हंगामात कुठे ना कुठे घडते. भाड्याचा ट्रॅक्टर त्या दिवसांत लवकर मिळत नाही. पऱ्हे तीन-साडेतीन आठवड्यांचे असताना रोवणी झाली तर फुटवे चांगले येतात. पऱ्हे जून झाले की फुटवे कमी, आणि त्याचा मार थेट उत्पन्नावर बसतो. म्हणून घाईघाईत मिस्त्री बोलावला जातो, "गिअरबॉक्स गेला" असे ठरते आणि ट्रॅक्टर मधोमध खोलला जातो.

पण जुन्या ट्रॅक्टरचा गिअर अडण्याचे कारण पुष्कळदा गिअरबॉक्समध्ये नसतेच. ते क्लचच्या पॅडलमध्ये, ऑइलमध्ये किंवा गिअर लिव्हरच्या बुडाशी असते. ही तीन ठिकाणे बिनखर्चात किंवा थोड्या खर्चात तपासता येतात. ती तपासल्याशिवाय ट्रॅक्टर खोलू देऊ नये.

आधी आपला ट्रॅक्टर ओळखा

खेड्यापाड्यात अजून चालणारे जुने ट्रॅक्टर बहुधा मॅसी फर्ग्युसन १०३५, महिंद्रा बी-२७५, स्वराज ७३५, आयशर आणि एचएमटी या घराण्यातले असतात. काहींत ६ पुढचे व २ मागचे गिअर असतात, काहींत ८ पुढचे व २ मागचे. मुख्य लिव्हर एक आणि हाय-लोचा लिव्हर वेगळा.

यातल्या बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्सची रचना 'स्लायडिंग मेश' प्रकारची आहे. म्हणजे लिव्हर हलवला की आतला गिअर शाफ्टवर सरकतो आणि त्याचे दात दुसऱ्या गिअरच्या दातांत बसतात. दोन्ही गिअर थांबलेले असतील तरच दात बिनआवाजाचे बसतात. काही मॉडेल 'कॉन्स्टंट मेश'ची आहेत. त्यांत गिअरचे दात कायम एकमेकांत असतात, फक्त जोडणारी कडी सरकते. मोटारगाडीत चालत्या गाडीत गिअर बदलता येतो, कारण तिथे दोन्ही गिअरचा वेग सारखा करणारी 'सिंक्रोमेश' रचना असते. जुन्या ट्रॅक्टरात ती बहुधा नसते.

म्हणून नवा ट्रॅक्टर किंवा पिकअप चालवणाऱ्या पोराने जुन्या गाडीवर बसून चालता चालता गिअर टाकला आणि 'कर्रर्र' वाजले, तर तो गाडीचा बिघाड नाही. क्लच पूर्ण दाबणे, गाडी थांबू देणे, तीन-चार सेकंद दम धरणे आणि मग लिव्हर टाकणे, ही या गाड्यांची पद्धतच आहे.

तपासणीआधीची खबरदारी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ओंडका लावावा. नांगर, रोटाव्हेटर जमिनीवर टेकवावा. पीटीओ बंद करावा. गाडीखाली हात घालायचा असेल तर इंजिन बंद आणि चावी खिशात.

जुन्या गाडीची चावी, स्विच बिघडले की काही जण खाली उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांना पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवून गाडी चालू करतात. गिअर अडकलेल्या गाडीवर हे कधीच करू नये. लिव्हर न्यूट्रलमध्ये दिसतो, पण आत गिअर पडलेलाच असतो. इंजिन चालू होताच गाडी पुढे येते आणि समोर उभ्या माणसाच्या अंगावरून मागचे चाक जाते.

पाच मिनिटांची पहिली परीक्षा

इंजिन बंद ठेवून क्लच दाबावा आणि एकेक करून सगळे गिअर टाकून पाहावे. हाय-लोसुद्धा. एखादा गिअर जात नसेल तर जोर लावू नये. दातासमोर दात आला असेल. क्लच सोडावा, चाकाचा दगड थोडा सरकवून गाडी वीतभर पुढे-मागे ढकलावी, पुन्हा क्लच दाबून टाकून पाहावा. नंतर दगड पुन्हा लावावा.

मग इंजिन चालू करून हळू रेसवर क्लच पूर्ण दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि पहिला गिअर व मागचा गिअर टाकून पाहावा. या वेळी पुढे-मागे कोणीही उभे नको.

यातून चार निकाल निघतात.

१) इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, चालू असताना वाजतात किंवा पडतच नाहीत : दोष क्लचचा. क्लच पूर्ण सुटत नाही.

२) इंजिन बंद असतानाही लिव्हर जड किंवा अडकतो : दोष लिव्हर, सिलेक्टर किंवा ऑइलचा.

३) गिअर पडतो, पण गाडी चालताना आपोआप निसटतो : दोष सिलेक्टरच्या बॉल-स्प्रिंगचा, फोर्कचा किंवा घासलेल्या दातांचा.

४) मुख्य लिव्हर सगळीकडे पडतो, पण गाडी हलतच नाही : आधी हाय-लोचा लिव्हर पाहावा. तो मधोमध राहिला असेल तर गाडी कुठल्याच गिअरमध्ये हलत नाही. त्यानंतर क्लच घसरतो का ते पाहावे.

मिस्त्रीला फोन करताना "गिअर खराब झाला" एवढेच न सांगता यातला कुठला निकाल आला ते सांगितले, तर तो योग्य सामान घेऊन येतो आणि एक फेरी वाचते.

क्लच : पॅडलची मोकळी चाल

क्लचचे पॅडल हाताने दाबले तर सुरुवातीला काही अंतर ते सैल जाते, मग कडक लागते. या सैल अंतराला मोकळी चाल किंवा फ्री प्ले म्हणतात. बऱ्याच जुन्या मॉडेलांत ती साधारण २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे एक-दीड बोट असते. आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडाच खरा मानावा. पट्टी पॅडलजवळ धरून मोजता येते.

मोकळी चाल जास्त झाली तर पॅडल खालपर्यंत दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिनचा फेरा गिअरबॉक्समध्ये जात राहतो आणि गिअर वाजतो. मोकळी चाल उरलीच नाही तर उलटे होते. क्लच अर्धवट दाबलेला राहतो, प्लेट घसरते, जळका वास येतो आणि रिलीज बेरिंग लवकर जाते.

पॅडलपासून क्लचपर्यंत जाणाऱ्या रॉडवर चेकनट असतो. तो सैल करून रॉड कमी-जास्त करायचा आणि चाल बसली की नट पुन्हा आवळायचा. दोन पान्यांचे काम आहे. मात्र आधी रॉडच्या टोकाच्या पिना पाहाव्यात. चिखलात चालून चालून पिन घासते, भोक लांबट होते आणि अर्धी चाल तिथेच वाया जाते. अशा वेळी नट आवळत बसण्यापेक्षा पिन बदलणे बरे.

चाल बरोबर असूनही गिअर वाजत असेल तर आतल्या कारणांकडे वळावे. क्लचचे फिंगर खाली-वर झालेले असतात, प्लेट वाकडी झालेली असते, किंवा फ्लायव्हीलच्या मधले पायलट बेरिंग जाम झालेले असते. पायलट बेरिंग जाम असेल तर क्लच सुटला तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनसोबत फिरत राहतो. ही तिन्ही कामे ट्रॅक्टर मधोमध सोडवूनच होतात.

दुहेरी क्लचच्या गाडीत पॅडल अर्धे दाबले की गाडी थांबते आणि पूर्ण दाबले की पीटीओ थांबतो. तिची जुळवणी वेगळी असते. ती अंदाजाने करू नये.

उभ्या गाडीची प्लेट चिकटते

रोवणी आटोपली की बरेच ट्रॅक्टर धान कापणी-मळणीपर्यंत उभे राहतात. पावसाची ओल क्लचच्या घरात शिरते, गंज चढतो आणि प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. गाडी काढायच्या दिवशी इंजिन चालू होते, पण गिअर एकही पडत नाही. काल चांगली उभी केलेली गाडी आज गिअर घेत नाही, तेव्हा आधी हाच संशय घ्यावा. चिकटलेली प्लेट सोडवण्यासाठी गिअरमध्ये गाडी चालू करून झटका देण्याची पद्धत धोक्याची आहे. ते काम मोकळ्या शेतात, जाणत्या मिस्त्रीनेच करावे.

यावर उपाय सोपा आहे. गाडी महिनाभर किंवा जास्त उभी राहणार असेल तर क्लचचे पॅडल पूर्ण दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवावे. प्लेट सुटी राहते, चिकटत नाही.

क्लचच्या घराच्या बुडाला एक छोटे भोक असते. काही मॉडेलांत खोल चिखलाच्या कामापुरता तिथे प्लग लावायचा असतो आणि काम संपले की काढायचा असतो. चिखलात प्लग लावला नाही तर पाणी आत जाते. नंतर काढला नाही तर आत साचलेले पाणी-ऑइल बाहेर येत नाही. त्या भोकातून ऑइल टपकत असेल तर इंजिनचे मागचे किंवा गिअरबॉक्सचे पुढचे ऑइल सील गेले असे समजावे. ते ऑइल प्लेटवर गेले की क्लच घसरतो.

ऑइल : रंग सगळं सांगतो

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ उभी ठेवावी आणि गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइल कमी असेल तर गिअर तापतात, आवाज करतात, लिव्हर जड होतो.

ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. आपल्या भागात हे जास्त होते, कारण इथला ट्रॅक्टर बांधीत लोखंडी चाके लावून गुडघाभर चिखलात फिरतो. फाटलेल्या लिव्हरच्या रबरातून, हवेच्या नळीतून आणि सैल डिपस्टिकमधून पाणी शिरते. पाण्याने बेरिंग गंजतात, सिलेक्टरचे रॉड जाम होतात. दुधाळ ऑइल लगेच बदलावे, "हंगाम होऊ द्या" म्हणून थांबू नये. आणि पाणी कुठून आले ते बंद केल्याशिवाय नवे ऑइल टाकू नये.

ऑइल गरम असताना सोडावे म्हणजे गाळ निघतो. खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावर काळी बारीक लोखंडी लई दिसते, ती नेहमीची झीज आहे. तुकडे, पापुद्रे, दाताचा कोपरा सापडला तर मात्र गाडी चालवू नये. तो तुकडा दुसऱ्या गिअरमध्ये अडकला तर घर फुटते.

कुठले ऑइल टाकायचे हे पुस्तकात पाहूनच ठरवावे. काही गाड्यांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचे ऑइल एकच असते. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या रचनेत तसे आहे. अशा गाडीत भलतेच जाड ऑइल टाकले तर लिफ्टही बिघडते. काढलेले जळके ऑइल बोडीत, नाल्यात किंवा बांधीत ओतू नये. डब्यात साठवून भंगारवाल्याला द्यावे.

लिव्हर आणि सिलेक्टर

गिअर लिव्हरच्या बुडाशी गोळा असतो, तो वाटीत फिरतो. गोळा किंवा वाटी घासली, स्प्रिंग तुटली की लिव्हर लुळा पडतो. न्यूट्रलमध्ये तो वाटेल तसा फिरतो आणि गिअर सापडत नाही. लिव्हरचे खालचे टोक घासले असेल तर ते सिलेक्टरच्या खाचेतून निसटून दोन खाचांच्या मध्ये अडकते.

कधी कधी दोन गिअर एकदम पडतात. लिव्हर हलत नाही, क्लच सोडला की इंजिन बंद पडते आणि गाडी ढकलूनही हलत नाही. दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून आत इंटरलॉक असतो. तो घासला की असे होते. अशा वेळी लिव्हरला पाइप लावून जोर करू नये, हातोडा मारू नये. फोर्क वाकतो आणि छोटे काम मोठे होते. वरचे झाकण काढून सिलेक्टरच्या खाचा एका रेषेत न्यूट्रलला आणल्या की गिअर सुटतो.

झाकण काढण्याआधी वरचा चिखल धुऊन, पुसून घ्यावा. खडा आत पडला तर नवी अडचण. झाकण बसवताना लिव्हर आणि सगळे गिअर न्यूट्रलमध्ये हवेत, जुनी गॅस्केट बदलावी आणि फाटलेले रबर त्याच वेळी नवे लावावे.

गिअर निसटतो, हे सगळ्यात धोक्याचं

गिअर न पडणारी गाडी जागेवर उभी राहते. निसटणारी गाडी माणूस मारते. धानाची भरलेली ट्रॉली मूलच्या राइस मिलकडे नेताना किंवा पुलाच्या उतारावर गिअर निसटला तर इंजिनची पकड सुटते. सगळा भार जुन्या ब्रेकवर येतो आणि मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. त्या वेगात क्लच दाबून गिअर पुन्हा टाकू म्हटले तर तो पडत नाही.

सिलेक्टरच्या रॉडवर खाचा असतात आणि स्प्रिंगने दाबलेला छर्रा त्या खाचेत बसून गिअर धरून ठेवतो. स्प्रिंग मेली किंवा खाच घासली की गिअर सुटतो. हे काम वरचे झाकण काढून होते आणि सामान स्वस्त असते. फोर्क घासला किंवा वाकला असेल तर गिअर अर्धाच सरकतो आणि दाताच्या टोकावर चालतो. असे बरेच दिवस चालले की दात निमुळते होतात. मग स्प्रिंग बदलूनही उपयोग नाही, गिअरच बदलावा लागतो.

काही ड्रायव्हर लिव्हरला दोरी बांधतात किंवा पायाने दाबून धरतात. त्याने गिअर थांबतो, पण फोर्क आतून जळतो. गिअर निसटू लागल्यापासून ट्रॉली जोडणे बंद करावे. शेतात सपाट जागी हळू काम करता येईल, भार घेऊन रस्त्यावर नाही. आणि उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे हा तर धडधडीत अपघात आहे.

मिस्त्रीकडे गाडी दिल्यावर

ट्रॅक्टर मधोमध सोडवायची वेळ आलीच तर मजुरी एकदाच द्यावी लागेल असे काम करून घ्यावे. क्लच प्लेट बदलताना रिलीज बेरिंग, पायलट बेरिंग आणि दोन्ही ऑइल सील तपासून, खराब असतील तर त्याच वेळी बदलावेत. फ्लायव्हीलचा तोंडाचा भाग खरवडलेला आहे का ते पाहावे. काढलेले जुने भाग परत मागावेत. दात तुटला असे सांगितले तर तुटलेला दात पाहावा.

सुटे भाग आणताना फक्त कंपनीचे नाव सांगून चालत नाही. मॉडेल, साल आणि चेसिस नंबर सोबत असावा, जुना भाग पिशवीत असावा. कंपन्यांचे मालकही बदलले आहेत. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये मॅसी फर्ग्युसन बनवणाऱ्या टॅफेकडे गेला. स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये महिंद्राने घेतली. त्यामुळे जुन्या स्वराज-आयशरची चौकशी त्या-त्या विक्रेत्याकडे करता येते. एचएमटीची गोष्ट वेगळी. याच कंपनीच्या घड्याळावरून नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या धानाच्या वाणाला एचएमटी नाव दिले. तो धान आजही बांधीत आहे, पण कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. एचएमटीवाल्यांनी चांगल्या अवस्थेतले जुने फोर्क, गिअर भंगारात दिसले तर घेऊन ठेवावेत.

ट्रॅक्टर चालवणे आणि दुरुस्तीचे पद्धतशीर शिक्षण घ्यायचे असेल तर मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. १९५५ पासून ती चालू आहे. गावातल्या एखाद्या होतकरू पोराने तिथला मार्ग धरला तर आजूबाजूच्या चार गावांचा उपयोग होईल.

जुना ट्रॅक्टर विकत घेताना

उभ्या गाडीवर गिअर टाकून पाहणे पुरेसे नाही. ट्रॉली किंवा कल्टिव्हेटर जोडून प्रत्येक गिअरमध्ये गाडी चालवावी. वेग घेऊन पाय रेसवरून एकदम उचलावा. निसटणारा गिअर तेव्हाच सुटतो. ही परीक्षा मोकळ्या, सपाट जागी करावी. डिपस्टिक स्वतः काढून ऑइल बोटावर घ्यावे. पाहणीच्या आदल्या दिवशी नवे ऑइल टाकलेले असेल तर ते का टाकले हेही विचारावे.

रोवणीआधी करायची कामे

पऱ्हे टाकले की त्याच आठवड्यात ही कामे उरकावीत : क्लचची मोकळी चाल मोजणे, रॉडच्या पिना पाहून ग्रीस मारणे, गिअर ऑइलची पातळी व रंग पाहणे, लिव्हरचे रबर व हवेची नळी तपासणे, आणि मॉडेलात असेल तर क्लचच्या घराचा प्लग तयार ठेवणे. या सगळ्याला अर्धा दिवस लागतो.

चालवताना दोन सवयी पाळाव्यात. काम चालू असताना पाय क्लचवर ठेवू नये आणि चालत्या गाडीत हाय-लो बदलू नये. बांधीत गाडी फसली आणि गिअर पडेना, तर दोन्ही लिव्हर न्यूट्रलला आणून दुसऱ्या ट्रॅक्टरने हळू ओढून धुऱ्याबाहेर काढावी. गिअरमध्ये असताना ओढू नये आणि ओढून चालूही करू नये. बाहेर काढल्यावर पहिले काम तेच : इंजिन बंद करून सगळे गिअर एकदा टाकून पाहणे.